ज्येष्ठमधाची कांडी

सातव्या महिन्यात माझे पाय असे सुजले, की खराडीच्या ऑफिसात मी टेबलाखाली चपला काढून बसायचे. टीम लीड "टेक केअर हं" म्हणायचा आणि त्याच श्वासात डेडलाइन विचारायचा. मी हसायचे, पण आतून पुरती टरकलेली होते. माझी आई दुसऱ्या बाळंतपणात झटके येऊन गेली, बाळासकट. तिच्याही पायांवर आधी सूजच आली होती म्हणे.

मला वाढवलं पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या मावशीने. ती माझ्याकडे राहायला आली तीच पुनर्नवा, गोखरू अशी पुडकी बांधून. रोज सकाळी काढा. तो इतका कडू, की पोटात ठरेना. मग ती त्यात ज्येष्ठमधाची बोटभर कांडी ठेचून घालू लागली. "आता पी गुमान. दाब चढायचा न्हाय," म्हणायची. मी भीतीपोटी दोन-दोन पेले रिचवायचे. ऑफिसात प्रत्येक गोष्टीत खुसपट काढणारी मी, काढ्याबद्दल डॉक्टरांना एका शब्दाने विचारलं नाही. घरचं औषध, त्याने काय होणार?

पुढच्या तपासणीला रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजला. तेवढाच. गोळ्यांखेरीज आणखी काय घेता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मावशीने अभिमानाने सगळी यादी सांगितली. ज्येष्ठमधाशी बाईंनी तिला थांबवलं.

"अहो, दाब उतरवायला काढा देताय आणि चढवायची सोयही त्यातच? रोज एवढं ज्येष्ठमध पोटात गेलं तर दाब वाढतो. आजपासून सगळंच बंद."

आम्ही घरी निघालो. रिक्षा येरवड्याच्या सिग्नलला थांबली, तेव्हा मावशी म्हणाली,

"तुझ्या आईलाबी मीच द्येत हुते. तिलाबी कडू सोसायचं न्हाय."

मला क्षणभर तिचीच भीती वाटली, आणि मग भीती वाटल्याची लाज. "तेवढ्याने काही झालं नसेल गं," मी म्हणाले. खरं काय ते मला माहीत नव्हतं. आजही नाही.

दाब हळूहळू उतरला, तरी लेक हातात येईपर्यंत माझा जीव टांगणीलाच होता. मावशीने तिला न्हाऊमाखू घातलं, दृष्ट काढली, अंगाईसुद्धा म्हटली. बाळगुटी उगाळायला सहाण मात्र तिने मांजरीहून आणली होती, ती पिशवीतून न काढताच परत नेली.