भाताच्या खाचरात होस्टेल

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय. मधे दोन चहा झाले, एक डुलकी झाली. पण चूक माझी आहे, तर लिहितोच.

सध्या कार्ल्याजवळ सर्व्हेच्या कामावर आहे. विद्यापीठाच्या मुलांसाठी मोठं होस्टेल होणार, त्याच्या डिझाइनसाठी आमचे सर जमिनीची उंची मोजतायत. मी मोजपट्टी धरून उभा राहतो, एवढंच माझं काम. गेल्या आठवड्यात वरच्या बांधापर्यंत जायचं होतं. मी वाटेत करवंदं खात बसलो आणि सरांना सांगून टाकलं, "वर पण सपाटच आहे."

आज शेजारच्या शेतातले आबा नकाशा बघून हसायलाच लागले.

"आरं, ही भाताची खाचरं. पाणी थांबावं म्हनून आमच्या आज्यानं सपाट केलेली. आन् वरनं ओढा येतो, त्यो कुटं दावलाय?"

"न्हाई दावला, आबा."

"मंग तळमजल्याची पोरं काय पवत शिकनार व्हय?"

सरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "डिझाइन पुढे गेलंय. गप्प बस आता."

तेव्हापासून आबांच्या पडवीत बसलोय. तुम्ही कधी न बघताच "असेल सपाट" म्हणून मोकळे झालायत का? मग निस्तरलंत कसं?

थांबा, सरांची गाडी आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आबांपुढे नकाशा पसरून विचारतायत, "आबा, ओढा नेमका कुठून येतो?"