कमानीतला पिंपळ

चर्चच्या जुन्या हॉलच्या टोकदार कमानीत, दोन काळ्या दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप फुटलं आहे. हॉल राणीच्या काळातला. छत सागवानी, फरशीही सागवानी. इथल्या अभ्यासिकेत बसूनच मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण ताईच्या लग्नाच्या जेवणासाठी बाबा हॉल मागायला गेले, तेव्हा हॉल सांभाळणारे योहानकाका म्हणाले होते, "अरे, तुझे पाहुणे शेणामातीच्या पायांनी येणार. साहेबांची फरशी आहे ही!" बाबा कसंनुसं हसले आणि उन्हात मांडव घालायला निघून गेले. ते हसणं मला अजून टोचतं.

पिंपळाची मुळं सांध्यातला चुना पोखरतात, मग दगड सरकवतात. एवढी थाटाची कमान, आणि तिला एका पाखराची विष्ठा पुरते.

काल काकांनी मलाच विचारलं, "इंजिनियर, हे रोप उपटू का रे?"

"राहू द्या, काका. शोभून दिसतं."

"खरंच की! मग उन्हाळ्यात माळ्याला पाणी घालायला सांगतो."

"आठवणीने सांगा," मी म्हणालो.