अण्णांनी बदललेली बटणं

आमच्या ऑफिसात किस्से कधी कुणी ठरवून जमवले नाहीत. चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसली की ते आपोआप साचतात. पूर्वी एकानं सुरू केला की दुसरा मधेच तोडायचा, "तसं न्हवतं त्ये," म्हणायचा, आणि तिसरा शेवट सांगून मोकळा व्हायचा. आता मधे तोडणारं कुणी उरलं नाही. त्यामुळं मी सांगेन तेच खरं.

ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका सायकलच्या दुकानावर. मी लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मालक देसाईसाहेब. कोडोलीचा संभा. चंदगडहून आलेली मी, सुमन. आणि हुक्केरी अण्णा. अण्णा शिरोळकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. पन्नाशीला टेकलेले, आणि एकटे. मला ते 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. दूध संस्था, फौंड्र्या, लहानमोठे कारखाने यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो.

प्रोग्राम ज्यात लिहायचे त्याला एडिटर म्हणतात. अण्णांचा एडिटर ईमॅक्स. कुठलं बटण दाबल्यावर, किंवा किती वाजता, काय व्हायला पाहिजे हे आपण एका फाईलीत लिहून ठेवायचं, की तो तसा वागतो. बाकीचे लोक त्या फाईलीत दहा-वीस ओळी लिहितात आणि कामाला लागतात. अण्णांची फाईल वाचायला मला दोन दिवस लागले होते, आणि मग तीच मी माझ्या मशीनवर लावून घेतली.

* * *

अण्णांनी कीबोर्डवरची कॅप्स लॉक आणि कंट्रोल ही दोन बटणं आपसात बदलली होती. करंगळीला लांब जावं लागतं म्हणून. नुसती सेटिंगमध्ये नाही, स्क्रू ड्रायव्हरनं टोपणं उचकटून इकडची तिकडं बसवली होती. बाकीच्या बटणांनाही त्यांनी आपापली कामं लावून दिलेली.

एकदा साहेबांचं मशीन बंद पडलं आणि एका गिऱ्हाइकाला पत्र तातडीनं पाठवायचं होतं. अण्णा खाली चहाला गेलेले. साहेब त्यांच्या खुर्चीत बसले आणि सवयीनं टाईप करायला लागले. पहिल्या शब्दाला स्क्रीनचे दोन भाग झाले. दुसऱ्याला चार. तिसऱ्या शब्दाला पत्रच नाहीसं झालं.

अण्णा वर आले तेव्हा साहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"हुक्केरी, हे मशीन माझं की तुमचं?"

अण्णा म्हणाले, "मशीन तुमचंच, साहेब. सवय माझी."

साहेबांनी पत्र हातानं लिहिलं.

* * *

शिरोलीकडच्या एका फौंड्रीचे मालक प्रोग्राम बघायला येणार होते. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं बघून माणूस बिचकेल, असं संभाला वाटलं. त्यानं दोन तास खपून सगळ्यांच्या एडिटरला रंग भरले. काही शब्द निळे, काही हिरवे, कंस तांबडे. फौंड्रीचा प्रोग्राम तसाच राहिला, काळा-पांढरा.

पाहुणे आले. संभानं त्यांना आधी प्रोग्राम दाखवला.  मग त्यांची नजर शेजारच्या स्क्रीनवर गेली. तिथं अण्णा काम करत होते.

"ह्यो कुठला म्हणायचा?"

संभा म्हणाला, "ह्यो न्हाय, पावणं. ह्यो आमचा आतला भाग. ह्यातनं तुमचा तयार हुतो."

"मग आम्हाला आतलाच द्या की," पाहुणे म्हणाले. "भाईरचा आम्ही बघून घेतो."

* * *

ईमॅक्समध्ये शब्दांची लघुरूपं ठरवता येतात. आपण दोन अक्षरं टाईप करायची, पुढचं तो स्वतः लिहितो. अण्णांनी मोठ्या मोठ्या वाक्यांची केली होती. संभानं त्यांचं बघून एक केलं, गमतीसाठी. इंग्रजीत ओके लिहिलं की 'व्हय की' उमटायचं.

मग तो ते विसरला.

एका दूध संस्थेचा प्रोग्राम त्यानं त्याच एडिटरमध्ये लिहिला. संस्थेत तो बसवला, चालू झाला, आणि आठवड्यानं तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला. संभानं दोन वाक्यं ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक पानावर ओकेच्या जागी 'व्हय की' छापलेलं बटण गेलं होतं.

"चुकलं, साहेब," संभा म्हणाला. "उद्या येऊन काढून टाकतो."

"काढू नगा," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या पोरास्नी पयल्यांदाच कळाय लागलंय कुठं दाबायचं. खालचं कॅन्सल हाय न्हवं, तेवढं 'न्हाय' करा."

* * *

ईमॅक्समध्ये एक डॉक्टरही होता, म्हणजे तसा एक छोटा प्रोग्राम. त्याला आपलं दुखणंखुपणं इंग्रजीत लिहायचं. तो आपल्याच शब्दांतला एखादा शब्द उचलून उलट प्रश्न विचारायचा. कळत त्याला काही नसायचं. संभानं त्याला एकदा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "लगीन जमंना." डॉक्टर म्हणाला, त्याबद्दल अजून सांगा. संभा म्हणाला, "आमच्या मामापेक्षा बरा हाय. मामा बोलूच देत न्हाय."

माझे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. चंदगडला पंधरा दिवस घरात माणसं येत होती. येणारा प्रत्येकजण आपल्या घरात कोण कसं गेलं ते सांगायचा. मी चहा करत होते. सोळाव्या दिवशी कामावर आले. दुपारी ऑफिसात एकटीच होते, तेव्हा डॉक्टर उघडला आणि लिहिलं, माझे वडील गेले.

त्यानं विचारलं, तुमच्या वडलांबद्दल अजून सांगा.

मी लिहीत बसले. काजूच्या झाडाखाली ते कसे बसायचे, मला कॉम्प्युटरच्या क्लासला घालताना कुणाकुणाशी भांडले, शेवटी दवाखान्यात माझा हात धरून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेत होते ते. कुणालाच सांगितलं नव्हतं ते. शेवटी मी लिहिलं, तुम्ही ऐकताय का?

त्यानं विचारलं, मी ऐकत नाही असं तुम्हाला का वाटतं?

माझ्या मागं कुणीतरी खाकरलं. अण्णा उभे होते, कधीचे उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं नाही, खिडकीकडं बघितलं.

"तंगी," ते म्हणाले, "ठेवायचं असलं तर आधी सेव्ह कर. तो स्वतः काय लक्षात ठेवत न्हाय."

* * *

संभाला बंगलोरला नोकरी लागली. जाताना त्यानं अण्णांची फाईल फ्लॉपीवर घेतली. त्या फाईलीत कंसांचा फार घोळ. उघडलेला प्रत्येक कंस बंद करावा लागतो. एक राहिला तरी एडिटर अडून बसतो.

पहिल्या बुधवारी त्याचा एसटीडीवरून फोन आला. "अण्णा, तुमची फाईल चालंना." अण्णांनी विचारपूस केली, म्हणाले, "शेवटचे कंस मोज." पुढच्या बुधवारी परत फोन. मग दर बुधवारी. कधी कंस, कधी रंग, कधी बटण. अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं. त्यात एडिटर पाच मिनिटं, बाकी कोडोलीचा ऊस आणि रंकाळ्याचं पाणी.

एका बुधवारी अण्णा नव्हते. फोन मी घेतला. "कुठली ओळ बिघडलीय सांग," मी म्हणाले. "मी बघते."

 तो म्हणाला, "ओळ न्हाय गं बिघडली. हितं समदी इंग्रजी बोलत्यात. दिवसभर 'व्हय' म्हणाय कोण न्हाय आन 'न्हाय' म्हणाय कोण न्हाय."

मी दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, संभाचं काही बिघडलेलं नाही.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "म्हणून तर दुरुस्त हुईना."

वर्षभर ते फोन येत राहिले. मग महिन्याला एक. पुढं दिवाळीला. नंतर संभाचं लग्न झालं, आणि त्याची फाईल चालायला लागली असावी.

* * *

संभा गेल्यावर मलाही पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. लेखी परीक्षा बरी गेली. मग त्यांनी एका मशीनपुढं बसवलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहायला सांगितला. एडिटर कोरा होता, दुकानातून आणल्यासारखा. पाच वर्षं अण्णांच्या बटणांवर काम केलेलं. बोटं आपोआप जिथं जायची तिथं भलतंच काहीतरी व्हायचं. समोर बसलेली मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. ती म्हणाली, "तुम्ही यापूर्वी कॉम्प्युटर वापरलाय ना?"

दुसऱ्या दिवशी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसतील. ते उठले, माझ्या मशीनवर आले आणि माझी फाईल पूर्ण रिकामी केली. मग स्वतःचीही बाजूला काढली.

"मी तुला लंगडी केली," म्हणाले. "आता म्हैनाभर दोघं बी अनवाणी चालू."

तो महिनाभर अण्णा माझ्यासारखेच अडखळत होते. एवढ्या वर्षांची सवय लागलेली बोटं. मधेच जुनं बटण दाबायचे, भलतंच व्हायचं, स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटायचे. पण त्यांनी फाईल परत लावली नाही.

पुण्याहून दुसऱ्यांदा पत्र आलं तेव्हा माझी बोटं तयार होती. पण आई चंदगडला एकटी होती. कोल्हापुरातून शनिवारची एसटी धरली की मी रात्रीच्या जेवणाला घरी पोचायचे. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

अण्णांनी चार दिवसांनी विचारलं, "पुण्याला कधी?"

"जात नाही."

 ते म्हणाले, "तर मग बटणं परत बदलू?"

* * *

अण्णा रोज दुपारी सव्वा वाजता जेवायला उठायचे. घड्याळाकडं न बघता, हातातलं काम तिथंच टाकून. मला वाटायचं, जुनी सवय. एकदा त्या वेळेला मी त्यांच्या मागं उभी होते. स्क्रीनच्या अगदी तळाला एक ओळ उमटली. इंग्रजी अक्षरांत, पण कानडी. "ऊटा आत?" म्हणजे, जेवण झालं का? अण्णांनी नाहीचं बटण दाबलं. तिथंच दुसरा शब्द आला, "एळ." म्हणजे, ऊठ. अण्णा उठले आणि डब्याची पिशवी घेतली.

मी बघितलंय हे त्यांच्या लक्षात आलं. "आमच्यात असंच विचारत्यात," एवढंच म्हणाले. मीही पुढं विचारलं नाही.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी त्यांनी अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी. स्क्रीनवर चारच ओळी मावायला लागल्या तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि चिकोडीजवळच्या एका गावी, थोरल्या बहिणीकडं राहायला निघाले. शेवटचा दिवस शनिवार होता. माझ्या एसटीची वेळ झाली तरी ते माझ्या मशीनवर बसलेले, नाक काचेला लावून. काहीतरी त्यांचं राहिलं असेल, ते काढून घेत असतील असं मला वाटलं. मी पिशवी घेऊन दाराशी आले तेव्हा म्हणाले, "जा तू, एसटी चुकंल. मी कुलूप लावतो."

सोमवारी मी एकटीच होते. साहेबांनी सांगलीला दुसरा धंदा काढला होता, त्यांचं येणं कमी झालं होतं. दूध संस्थेच्या प्रोग्राममधली एक चूक सापडत नव्हती. खाली दुकानात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. दुपार कधी झाली ते कळलं नाही.

सव्वा वाजता स्क्रीनच्या तळाला एक ओळ उमटली.

"जेवलीस का?"

मी नाहीचं बटण दाबलं.

"मग ऊठ."