गाळा नंबर चारचं आमंत्रण

शहाडला दिलेली माझी सखुआत्या कळव्याच्या मिठागरावर वाढलेली. सासरच्या जमिनीवर तिने पाच गाळे बांधले. भाड्याचं सगळं तिचा मुलगा कमलेश बघायचा. आत्या नुसती ऐटीत सांगायची, "माझे गाल्यावाले कवा कटकट करत नाय."

कमलेशच्या मुलीचं, करिश्माचं लग्न ठरलं. हळदीचं आमंत्रण द्यायला आम्ही दोघी भरदुपारी निघालो. आमच्याकडे एकही उंबरा वगळायचा नसतो, भाडेकरूचासुद्धा. चौथ्या गाळ्याला बाहेरून कुलूप होतं. आत्या उंबऱ्यावर अक्षता ठेवून वळणार, तोच शटरखालच्या फटीतून बांगड्यांचा एक हात आला आणि अक्षता चाचपू लागला. आतून बायकांची कुजबुज ऐकू आली.

आत्या फटीपाशी वाकली. "कोन गो? किती जनी हाव?"

"अकरा. पॅकिंगच्या कामाला म्हणून ठेकेदाराने गावाहून आणलं. दिवाळीपासून बाहेर सोडलं नाही, फोनपण काढून घेतले."

मला रडू आलं. आत्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "आन मी म्हनत व्हती, कटकट नाय!"

कमलेश धावत आला. "आई, लग्न होऊ दे, मग बघू. गाळा आपला आहे, केस आपल्यावर येईल."

"येऊ दे. पाव्हन्यांना कुलपात ठेवून नातीला हलद लावू?"

ती शटरसमोर फतकल मारून बसली. मी पोलिसांना फोन लावला. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस किल्ली घेऊन आला, मुलींना हलवायला. आत्याने पदर खोचला. "माझ्या अंगावरनं ने त्यांना."

त्याची हिंमत झाली नाही; किल्ली घेऊनच तो पळाला. पोलिसांनी कुलूप तोडलं. मुली डोळ्यांवर हात धरून बाहेर आल्या. हवालदाराने विचारलं, "मर्जीने राहत असतील ना?"

"मर्जीनं रव्हनाऱ्याला भायेरून कुलूप कशाला लागतंय?"

"गाळा कुणाचा?"

कमलेश दोन पावलं मागे सरकला.

"माझा," आत्या म्हणाली. "गाल्याचा भारा हा घेतो. दोगांची नावं लिवा."

मुलींना त्याच दिवशी सरकारी वसतिगृहात नेलं. गुन्ह्यात ठेकेदाराबरोबर कमलेशचंही नाव लागलं; आत्याला साक्षीदार केलं. हळदीला अर्धा गाव आला नाही. जामिनावर सुटलेला कमलेश अजून तिच्याशी बोलत नाही. त्याचं ताट ती रोज स्वतः वाढते, मी पाहिलंय. पण साक्ष तिने बदलली नाही.

ठाण्याच्या कोर्टात ठेकेदाराचा वकील आवाज चढवून म्हणाला, "पोटच्या पोराला अडकवलंत, आजी. या मुली तुमच्या कोण लागतात?"

"पाव्हन्या," आत्या म्हणाली. "मी सोता जाऊन आमंत्रन दिलंय."