दुसरा घोट

वायनरीत सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. गोड पांढऱ्या वाइनची टाकी सतरा वर्षं मावशीच्या जिभेवर चालली, तिथे कुणालाही विचारा, हेच सांगेल. खोटं कशाला बोला, तीही हे ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची.

बाकीच्या वाइन आकड्यांवर चालत. या गोडाचं काम वेगळं. हिची द्राक्षं वेलीवरच सुरकुतू द्यायची, आतला रस दाट झाला की तोडायची, आणि तो रस टाकीत आंबत ठेवायचा. रोज थोडी साखर कमी होते आणि तिची वाइन होत जाते. मग एका दिवशी टाकी एकदम गार करून हे आंबणं थांबवायचं. घाई केली तर नुसतं सरबत, उशीर केला तर चार ओळी वेलींची वर्षभराची मेहनत वाया. हा दिवस मावशीने ठरवायचा. ती चमचाभर तोंडात घ्यायची, गालांत घोळवायची, बादलीत थुंकायची आणि म्हणायची, अजून नाही. गिळायची कधीच नाही. कामावर गिळत बसलं तर दुपारपर्यंत माणूस आडवा व्हायचा.

आता खरं काय ते ऐका. मावशी दुपारी जेवायला घरी जायची. घर मागच्याच गल्लीत. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र, कापडाच्या चिंध्या आणि कान तुटलेला एक कप. नवरा शिंपी, वाइनमधलं त्याला काडीचं कळत नव्हतं. गोडाचा मात्र भारी हावरट. चहात तीन चमचे साखर घालून वर म्हणणार, आज फिक्काच केलास. पहिल्या वर्षी, टाकी नवी नवी तिच्यावर सोपवलेली असताना, ती घाबरून औषधाच्या बाटलीत नमुना घरी घेऊन आली आणि त्याच्या कपात ओतला. त्याने तोंड वाकडं केलं. घशाला चिकटतंय म्हणाला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याने कप एका दमात संपवला, आणि मशीनवरची नजर न काढता रिकामा कप तिच्यापुढे धरला. आणखी हवी होती. मावशी तशीच उलट्या पावली परत गेली आणि टाकी गार करायला सांगून आली.

त्या वर्षीच्या वाइनचं इतकं कौतुक झालं की मालकीणबाईंनी पहिली बाटली मावशीच्या हातात ठेवली. पुढे तो रिवाजच पडला. आणि दरवर्षी कप पुढे आला की टाकी थांबायची. नाव मावशीच्या जिभेचं, कप शिंप्याचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि त्याला तर आपण काही करतोय याचा पत्ताही नव्हता.

यंदा टाकी भरून पाच दिवस झाले असताना तो मशीनवरच कलंडला. सुईखाली अर्धी बाही होती.

तो गेल्यावर मावशी चौथ्या दिवशी कामावर आली. नणंद गावाहून येऊन राहिली होती. ती रडून रडून सुजली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, की वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस नाही आला, दगडाची आहे. मावशीला त्याचा रागही आला नाही. ती भांडी घासायची, जेवायची, झोपायची, उठायची. लोक बोलायचे ते तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं.

वाइनचंही तेच. चमचा तोंडात घेतला की ओला कागद चावल्यासारखं व्हायचं. गोड नाही, आंबट नाही, काही नाही. ती थुंकायची आणि म्हणायची, अजून नाही. इतकं म्हणून वेळ मारून नेता येते, हे तिला माहीत होतं. प्रयोगशाळेतली चष्मेवाली रोज साखरेचा आकडा कागदावर लिहून आणायची, आणि आकडा रोज खाली यायचा. मालकीणबाईंनी दोनदा आडून आडून विचारलं. दुःखातल्या बाईला टोकायचं कसं, म्हणून त्या दोन्ही वेळा मागे फिरल्या.

शेवटी चष्मेवालीनेच धीर केला. "मावशी, दरवर्षी या आकड्याच्या कितीतरी आधी तुम्ही थांबवलेली असते. दोन दिवसांत यात साखर उरणार नाही."

मावशीने मान हलवली. चमचा धुतला आणि जागेवर ठेवला.

दुपारी तिने सवयीने बाटली भरून घरी नेली. हे ती रोजच करत होती. रोज कपात ओतायची, थोडा वेळ बघायची आणि कप मोरीत रिकामा करायची. नणंद बाजारात गेली होती. मशीनवर ती अर्धी बाही तशीच, कुणी हात लावला नव्हता. मावशीने कप भरला, त्याच्या स्टुलावर बसली. मोरीपर्यंत उठून जायचाही कंटाळा आला होता. थुंकायला इथे बादली नव्हती. तिने कप तोंडाला लावला आणि गिळून टाकला.

आधी नुसतं गार लागलं. मग घसा उबदार झाला, आणि मागून, गिळून झाल्यावर, चव आली. मध, संत्र्याची साल, आणि शेवटी जिभेच्या कडांना किंचित आंबट. सतरा वर्षं थुंकणाऱ्या बाईला ही शेवटची चव माहीतच नव्हती. ती चहा बिनसाखरेचा पिणारी बाई, गोडाला नाक मुरडणारी. हे तिला आवडलं. कप रिकामा होता, आणि तिचा हात तो कप घेऊन मशीनवरून पुढे गेला होता, ती स्वतः नेहमी उभी राहायची त्या जागेकडे.

तिला आणखी हवं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं. आणि कप भरायला समोर कुणी नव्हतं. हात भरून येईपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला.

मग ती उठली, कप विसळून जागेवर ठेवला, वायनरीत गेली आणि म्हणाली, थांबवा.

वाइन निवळून बाटल्यांत भरायला काही महिने गेले. पहिली बाटली उघडली तेव्हा मालकीणबाई, चष्मेवाली आणि मावशी एवढ्या तिघीच होत्या. मालकीणबाईंनी घोट घेतला, पुन्हा घेतला, पेला उजेडात धरला.

"चांगली झालीय," त्या म्हणाल्या, "पण दरवर्षीसारखी नाही. गोडी कमी आहे. यंदा काय वेगळं केलंत मावशी?"

मावशीने आपला पेला हातात घेतला. बादली पायाशीच होती, ती तिने पायाने बाजूला सारली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "आधीच्या सतरा आमच्या ह्यांच्या होत्या."

दोघींना काहीच कळलं नाही. मावशीने पेला रिकामा केला, आणि तिथेच, त्या दोघींसमोर, तिला रडू कोसळलं.