मी आटवलेला समुद्र

हिंजवडीची आयटीतली नोकरी सोडून मी परग्रहांच्या हवेवर संशोधन करायला लागले, तेव्हापासून बाबा माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. "हाताला लागत नाही ते कसलं काम?" एवढं एकदाच म्हणाले, आणि विषय संपला.

मग पाणी सापडलं! एक दूरचा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन येतो. दुर्बिणीने टिपलेल्या त्या प्रकाशात कुठले रंग फिके पडलेत ते बघायचं, संगणकावर तशी हवा रचायची आणि जुळेपर्यंत बदलत राहायची. माझी हवा वाफेने भरल्यावर जुळली. म्हणजे खाली समुद्र असू शकतो. घरी मी "असू शकतो" असंच म्हणाले हो! पण बाबांनी दुसऱ्या दिवशी धायरीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. बाबांनी! मी बघतच राहिले. टँकरची वाट बघणारे शेजारी म्हणाले, "काका, एखादा टँकर तिकडूनच मागवा की." बाबा चक्क हसले.

शोधनिबंध पाठवण्याआधी एक शंका मला छळत होती. गणितात आम्ही तारा अगदी स्वच्छ धरला होता, तशी पद्धतच होती. पण हा तारा लहान आणि थंड. त्याच्यावर डाग असले, तर त्या गार डागांतही वाफ टिकू शकते. मी डाग घालून बघितले. ग्रहावरच्या वाफेची गरजच उरली नाही! गणित परत चालवलं, परत तेच. पाणी ताऱ्याचंच असणार. अगं बाई, आणि ते पेढे!

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं,

"चूक कोणी पकडली?"

"मीच."

ते उठून आत गेले. झालं, पुन्हा अबोला. मला रडूच फुटलं.

सकाळी टँकरला उशीर झाला म्हणून फाटकाशी माणसं जमली होती. मी जिना उतरत होते. कोणीतरी बाबांना डिवचलं, "काय काका, समुद्र काय म्हणतोय?"

"नापास केला तिने," बाबा म्हणाले. "स्वतःचा माल स्वतः नापास करणारं माणूस मला अख्ख्या नोकरीत भेटलं नाही. तुम्ही आपला टँकर बघा."

मी पायरीवरच थांबले. बाबांनी मान वळवली, मला बघितलं आणि विचारलं, "ताऱ्यावर डाग पडतात कसे गं?"