सुनंदाताईची उष्टी बाटली

इचोड्याच्या धाब्यावर चहा हातात घेतला तोच आईचा फोन आला. "सुनी उठून नाही राह्यली रे..." माझी थोरली बहीण सुनंदा कॉलेजातून आली, पाणी प्यायली, खुर्चीत टेकली आणि तिथंच गेली. मी मावल्याला घरी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, पण अजून तिच्या खोलीचं दार माझ्यानं उघडवत नाही.

ताई भूगर्भशास्त्र शिकवायची, आणि वर्ग सुटला तरी तिचं शिकवणं सुटायचं नाही. एकदा जैनथकडे पैनगंगेच्या काठी आम्ही शिदोरी सोडली, तर ही चुनखडकाचे थर दाखवत म्हणाली, इथं समुद्र होता. "मंग गेला कुठं?" आईनं विचारलं. झालं! समुद्राच्या तळाबरोबर पाणीही पृथ्वीच्या पोटात जातं, कोट्यवधी वर्षं खडकात मुरून राहतं, मग ज्वालामुखीतून वाफ होऊन वर येतं आणि पाऊस होऊन पडतं... आई हातातला घास तसाच धरून ऐकत राहिली.

घरी मात्र दोघींचं रोज वाजायचं. आई उष्ट्याच्या बाबतीत भारी कडक. जन्मभर तिनं तांब्या ओठाला लागू दिला नाही, वरून धार सोडूनच प्यायची. आणि ताई आपल्या स्टीलच्या बाटलीला खुशाल तोंड लावायची.

"तोंड काऊन लावून राह्यली? उष्टं होते ना!"

"आई, हे पाणी किती जणांनी पिऊन झालं, मालूम हाय का तुले? डोंगरानं, मासोळ्यांनी... सगळं उष्टंच हाय."

"तुयं ग्यान कॉलेजात ठेव!" आई फणकारायची आणि मी पोट धरून हसायचो.

त्या दिवशीची ती बाटली अर्धी भरलेली तशीच राहिली. मी धुवायला घेतली तर आईनं हातातून ओढून घेतली. परवा सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर आई ओट्यापाशी पाठमोरी उभी. तिनं बाटलीला ओठ टेकवले, एक घोट घेतला, मग माठातलं तेवढंच पाणी आत ओतलं. मला पाहून दचकली.

"संपू नाही देत मी," ती म्हणाली. "पिलं तेवढं रोज टाकून ठेवतो... तिचं थोडंसं राह्यते ना रे त्यात?"

ताई असती तर तिनं नीट समजावून सांगितलं असतं. मी एवढंच म्हणालो,

"राह्यते, आई."

तिनं बाटली माझ्यापुढं धरली.

"घे. तोंड लावून पी."